पान अकरा, ओळ चार

ता. ४ जानेवारी १९८६, शनिवार. होल्डॉल झटकून गच्चीवर उन्हात घातला. वाळू निघाली.

माझ्या त्या वर्षीच्या डायरीतली ही पहिली नोंद. ऊन म्हणजे दिल्लीचं जानेवारीतलं ऊन, अकराला हजेरी लावून तीनला घरी जाणारं. होल्डॉल म्हणजे ताडपत्रीची एक गुंडाळी, तिच्यात गाद्या, उशा, चपला आणि आईच्या मते लागू शकणारं सगळं मावत असे. लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टरच्या गच्चीवर मी तो उलटा करून काठीने बडवला, तेव्हा शिवणींतून तीन-चार रंगांची वाळू पडली. आईने खालून ओरडून सांगितलं की वाळू तुळशीत टाक. मी ती एका पोस्टकार्डावर गोळा केली, कारण मला त्या वाळूतून कलावंत व्हायचं होतं.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि छापचित्रं काढायला शिकून नुकतीच कॉलेजातून बाहेर पडले होते. आमच्या कॉलनीत हे काय असतं ते कुणालाच माहीत नव्हतं. शेजारच्या बंगाली काकू मला ब्लाउजपीसवर बदकं छापून मागत. मी त्यांना समजावून सांगे: जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, त्यावर सुईने चित्र ओरखडायचं, पत्रा आम्लात बुडवायचा. ओरखडलेल्या जागी आम्ल खड्डे पाडतं. त्या खड्ड्यांत शाई भरून, वरची पुसून, ओल्या कागदासकट पत्रा जड लोखंडी रुळाखालून काढायचा. काकू शांतपणे ऐकून घेत आणि विचारत, मग बदकं कधी देतेस?

यातलं बहुतेक सगळं घरी होत असे. आम्लाची बादलीसुद्धा मोरीत होती. आईने एकदा चुकून तिच्यात पायपुसणं भिजवलं, ते परत मिळालं नाही. पण रूळ घरी नसतो. चित्रकार स्वयंपाकघरात उभा राहून चित्र काढू शकतो. छापचित्रकाराला प्रेस लागते. प्रेस नसली तर तो जस्ताचे पत्रे साठवणारा माणूस असतो. भंगारवाल्यात आणि त्याच्यात फरक एवढाच की भंगारवाल्याचा धंदा चालतो.

दक्षिण दिल्लीत एक स्टुडिओ होता. तिथे दरवर्षी एका नव्या छापचित्रकाराला दोन वर्षांसाठी प्रेसच्या खोलीची किल्ली मिळत असे. मार्चमध्ये उमेदवारांचं प्रदर्शन, प्रत्येकाची सहा चित्रं, कॅटलॉगमध्ये प्रत्येकाला एक पान आणि मग निवड. बाबांशी माझा तह झालेला होता: एप्रिलपर्यंत किल्ली मिळाली तर ठीक, नाहीतर बी.एड. बी.एड.चा फॉर्म त्यांनी आणूनही ठेवला होता. बाबा कुठलाही फॉर्म आधीच आणून ठेवत.

निवड समितीत आमच्या कॉलेजातले एक सर होते. ते एकदा सहा महिने पॅरिसला राहून आले होते आणि तेव्हापासून गळ्यात मफलर घालत, मे महिन्यातही. माझी काळी-पांढरी चित्रं बघून त्यांनी निदान केलं होतं की यात रंग नाही, कारण माझ्या आयुष्यात प्रवास नाही. "घर से निकलो," ते म्हणाले. मी रोज दोन बस बदलून घरातूनच निघून त्यांच्यापुढे उभी राहत होते, पण ते धरायचं नव्हतं.

त्या वर्षी सगळेच रंग आणायला गेले होते, आझादपूर मंडीतून भाजी आणावी तसे. एकाने राजस्थानातून केशरी आणला. एक लाहौलहून निळा घेऊन आला आणि त्याच्यासोबत सोललेलं नाक. बनारसला गेलेल्याने पिवळा आणला, कागदावरही आणि डोळ्यांतही. त्याला कावीळ झाली होती. सर म्हणाले, याने रंग भोगला आहे.

आमच्या घरून मुलीला एकटीने रंग भोगायला जायची परवानगी नव्हती. पण आमच्याकडे एलटीसी होती. ज्यांच्या घरात केंद्र सरकारची नोकरी नाही त्यांच्यासाठी सांगते: चार वर्षांतून एकदा सरकार आपल्या नोकराला कुटुंबासह देशात कुठेही जाऊन यायचं रेल्वेभाडं देतं. ती चार वर्षं संपली की हक्क बुडतो. हक्क बुडवणं हे बाबांच्या लेखी अन्न टाकण्यासारखं होतं. शिवाय ते पुढच्या सप्टेंबरात निवृत्त होणार होते, म्हणजे ही शेवटची. त्यांनी कन्याकुमारी निवडली. दिल्लीतला सरकारी नोकर कन्याकुमारीला समुद्रासाठी जात नाही, त्यापुढे रेल्वे नाही म्हणून जातो. भाडं सरकार देतंय, तर देश संपेपर्यंत बसून राहायचं, मधेच उतरायचं नाही.

डिसेंबरच्या शेवटी आम्ही तिघं निघालो. तिन्ही तिकिटं बाबांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात होती आणि खिशाला मोठी सेफ्टी पिन लावली होती. प्रत्येक स्टेशनला ते छातीवर हात ठेवून तिकिटं चाचपत, मग वहीत गाडी किती उशिरा आली ते लिहीत. मी खिडकीतून देश पाहिला असता, पण खिडकीशी आई होती, तिला गाडी लागते. त्यामुळे माझ्या त्या प्रवासाच्या वहीत आईच्या पाठीची एकोणीस स्केचेस आहेत. त्यांतल्या चारांत ती दशम्या सोडते आहे.

कन्याकुमारीला ढग होते. तीन समुद्र तिथे भेटतात म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा तिघांनी एकच रंग घातला होता, ओल्या सिमेंटचा. बाबांनी वहीत सूर्योदयाची वेळ लिहून त्यापुढे "झाला नाही" अशी नोंद केली. मी काठावर उभी राहून आतून काही होतंय का याची वाट पाहिली. थंडी वाजली, एवढंच झालं.

रंग मिळाला तो परतताना, रस्त्याकडेला. एक बाई रंगीबेरंगी वाळूच्या पुड्या विकत होती. आई तिच्यासमोर उकिडवी बसली आणि साड्यांच्या दुकानात बसावी तशी एकेक पुडी उजेडाकडे धरून बघायला लागली. "ही बघ, आमसुली. ही विटकरी. ही अबोली... छे, अबोलीत एवढा पिवळा नसतो, ही शेंदरी. आणि ही काळी म्हणू नकोस, ही काजळी." मी पाच वर्षं रंग शिकले होते आणि मला रंगांची इंग्रजी नावं येत होती, ट्यूबवर लिहिलेली. आमसुलीला मी घरी 'पर्पल टाइप' म्हणत असे, दिल्लीत वाढलेल्या मुलांसारखी. आईने सहा पुड्या घेतल्या. परतीच्या प्रवासात त्यांतल्या तीन होल्डॉलमध्ये फुटल्या.

जानेवारी-फेब्रुवारीत कॉलेजने माजी विद्यार्थ्यांना शनिवारी प्रेस वापरू दिली, तेव्हा मी सहा पत्रे केले. ओल्या मेणावर ती वाळू भुरभुरवली, आम्लात धरली, आणि शाया त्या पुड्यांशी जुळवत बसले. आमसुली जुळायला तीन शनिवार गेले. पत्र्यावरची शाई पुसायला खळीचं सुती कापड उत्तम. आईचं एक जुनं पातळ त्यात जवळजवळ संपलं. चित्रं बरी झाली. हे मी आजही म्हणते, आणि स्वतःच्या कामाबद्दल मी सहसा काही बरं म्हणत नाही.

मग कॅटलॉगसाठी निवेदन लिहायची वेळ आली. आईने पुड्या घेतल्या हे लिहून किल्ली मिळत नाही, एवढं मला कळत होतं. मी इंग्रजीत लिहिलं ते साधारण असं: "मी एकटी निघाले. रेल्वेचे रूळ मी मागे सोडले. खांद्यावर फक्त एक झोळी. माझ्याजवळ तिकीट नव्हतं. ट्रकवाल्यांनी मला बसवून घेतलं, रस्त्याने मला रंग दिले, आणि तीन समुद्रांच्या काठी मी घराचा पत्ता विसरले."

ट्रकमध्ये मी आजतागायत बसलेले नाही. घराचा पत्ता विसरणारी ही मुलगी रोज साडेसातला जेवायला घरी असे. आणि एकटीचं म्हणाल, तर गाडीत तोंड धुवायला गेले तरी आई दाराबाहेर मग घेऊन पहाऱ्याला उभी होती.

मफलरवाल्या सरांनी "तिकीट नव्हतं" या शब्दांखाली दोन रेघा मारल्या. "यही है," ते म्हणाले. "यहाँ से तुम्हारा काम शुरू होता है." प्रदर्शनाच्या पहिल्या संध्याकाळी त्यांनी मला समोशांच्या टेबलाशी बाजूला घेऊन सांगितलं की यादी सोमवारी लागेल, पण तू समज की किल्ली तुझी.

बाबांना मी ते पान वाचू दिलं नव्हतं. "ते आर्टचं इंग्रजी आहे बाबा, तुम्हाला बोअर होईल," असं मी अशा माणसाला सांगितलं ज्याने तेहतीस वर्षं साहेबलोकांची इंग्रजी पत्रं दुरुस्त केली होती. बाबा "अच्छा" म्हणाले, आठ कॅटलॉग घेतले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात वाटले. एक त्यांनी स्वतः नेऊन हिशेब शाखेतल्या एका अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला. त्या टेबलावर आमच्या एलटीसीच्या क्लेमची फाइल आधीच होती. त्या वर्षी क्लेमची कडक तपासणी चालू होती, कारण काही मंडळी कन्याकुमारीचं भाडं घेऊन करोलबागेत सुट्टी घालवून आली होती.

बुधवारी बाबा घरी आले. बूट काढून ठेवले, हात धुतले आणि जेवणाच्या टेबलावर कॅटलॉग आणि त्यावर एक टंकलिखित कागद, कडा जुळवून ठेवला. तेहतीस वर्षांत त्यांना मिळालेला तो पहिला मेमो. आपण दिल्ली ते कन्याकुमारी व परत अशा प्रवासासाठी तिघांचं भाडं मागितलं आहे. आपल्या कन्येच्या छापील निवेदनानुसार तिने हा प्रवास एकटीने, रेल्वेशिवाय व तिकिटाविना केला आहे. तरी खुलासा करावा.

"तुझ्याजवळ तिकीट नव्हतं?" बाबांनी विचारलं.

"बाबा, ते तसं लिहायचं असतं."

"मग माझ्या खिशात तिसरं कुणाचं होतं?"

"आणि वरच्या बर्थवरून माझ्या डोक्यावर चिवडा कोण सांडत होतं?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

बाबा चिडले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी खुलाशाचा मसुदा तयारच करून आणला होता: मुलीचं नाव क्लेममध्ये अनवधानाने घातलं गेलं, ते काढून टाकावं. सहा महिन्यांवर निवृत्ती असलेल्या माणसाने असं लिहून देणं म्हणजे खोटा क्लेम केल्याची कबुली. ती कायमची सर्व्हिस बुकात जाते. मी म्हटलं, हे खोटं आहे, आपण तिघं गेलो होतो.

"माझं तोंडी आहे," बाबा म्हणाले. "तुझं छापील आहे."

मी लिहून देते म्हटलं, सहीनिशी. त्यावर त्यांनी सांगितलं की ते त्या अधिकाऱ्याला भेटून आले होते. अधिकाऱ्याला आम्ही गेलो होतो याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. बाबांनी कन्याकुमारीहून त्याला शंख आणून दिला होता आणि माझा कॅटलॉग त्याच शंखाखाली दाबून ठेवलेला होता. पण फाइलीत छापील कागद लागलेला. छापील विधान हाताने लिहिलेल्या कागदाने रद्द होत नाही. छापील शुद्धिपत्र काढा, म्हणाला, कॅटलॉगमध्ये लावा, आणि ते लावलेली एक प्रत शुक्रवारपर्यंत मला द्या. मी 'पाहिले' असा शेरा मारतो.

सरकारी घरात वाढलेल्यांना यात काही विचित्र वाटत नाही. मलाही वाटलं नाही. जेवणं उरकल्यावर बाबांनी पट्टी, पेन्सिल आणि कॅटलॉग घेतला आणि आम्ही शुद्धिपत्राला बसलो. बाबांनी ओळी मोजल्या. मूळ इंग्रजी होतं, अर्थ असा:

"पान ११, ओळ १: 'मी एकटी निघाले' याऐवजी 'मी आईवडिलांसमवेत निघाले' असे वाचावे. ओळ २: 'रूळ मी मागे सोडले' हे शब्द वगळावेत. ओळ ३: 'फक्त एक झोळी' याऐवजी 'होल्डॉल एक, ट्रंक एक, सुरई एक' असे वाचावे. ओळ ४: 'माझ्याजवळ तिकीट नव्हतं' याऐवजी 'माझ्याजवळ द्वितीय श्रेणी शयनयानाचे आरक्षित तिकीट होते' असे वाचावे. ओळ ५: 'ट्रकवाल्यांनी' याऐवजी 'रेल्वेने' असे वाचावे."

"मुद्दा ओळ चारचाच आहे," मी म्हटलं. "बाकीचं कशाला?"

"शुद्धिपत्र अर्धं काढत नाहीत," बाबा म्हणाले.

आई म्हणाली की रस्त्याने रंग दिले हेही दुरुस्त करा, पुड्या मी घेतल्या. बाबांनी विचार करून सांगितलं की ती बाई रस्त्यातच बसली होती, त्यामुळे ते विधान चालू शकेल.

गुरुवारी सकाळी मी कागद घेऊन चावडी बाजारात गेले. तिथे लग्नपत्रिका छापणाऱ्यांची गल्लीच आहे. पायाने चालवायच्या यंत्रावर तासाभरात काम करून देणारे एक म्हातारे चाचा मला कुणीतरी सांगितले होते.

"शादी किसकी है?" त्यांनी न बघता विचारलं.

मी सांगितलं, लग्न नाही, शुद्धिपत्र आहे. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "यहाँ लोग डिग्री जुड़वाने आते हैं, बेटी. कटवाने कोई पहली बार आया है."

ते अक्षरं जुळवत होते तोवर मी दुकान बघत बसले. आतल्या कोपऱ्यात पत्रिकांच्या कोऱ्या गठ्ठ्यांखाली काहीतरी लोखंडी होतं. एक चाक बाहेर आलेलं, नुसत्या आऱ्यांचं, माझ्या छातीएवढं उंच. मी दोन गठ्ठे सरकवले. खाली रूळ होता. मी विचारल्यावर चाचा म्हणाले की इंग्रजांच्या वेळी साहेबांची व्हिजिटिंग कार्डं तांब्याच्या पत्र्यावर कोरून यावर छापत. त्यांच्या अब्बांनी घेतली होती. आता गठ्ठे ठेवायला बरी पडते. चलती है? मी विचारलं. "चलाओ तो चले," ते म्हणाले आणि माझी दोनशे शुद्धिपत्रं सुतळीने बांधून दिली.

दुपारी मी ती घेऊन गॅलरीत गेले. मफलरवाले सर एका पाहुण्यांना माझा समुद्र दाखवत होते. पाहुणे गेल्यावर मी त्यांना चिठ्ठी दिली आणि झालेलं सांगितलं. त्यांनी सुरईपर्यंत वाचलं.

"अब तो ये एलटीसी हो गया," ते म्हणाले.

"चित्रं तीच आहेत, सर."

"तस्वीरें वही हैं. तुम वो नहीं हो."

मग ते मऊ झाले. ऑफिसला एकच प्रत दाखवायची आहे ना? एका प्रतीत लाव, वडिलांना दे. बाकीच्या रविवारी प्रदर्शन संपेपर्यंत तशाच राहू देत. सोमवारी यादी लागली की कुणाला काय पडलंय. त्यांचं म्हणणं इतकं व्यवहार्य होतं की मला आधी सुचलं नाही याचंच नवल वाटलं. मी खुर्चीवर बसले, एका कॅटलॉगचं पान अकरा उघडलं, चिठ्ठी व्यवस्थित चिकटवली, आणि उरलेला गठ्ठा पिशवीत घातला. बाबांना काय सांगायचं तेही ठरवलं होतं. माझी सदसद्विवेकबुद्धी वगैरे जागी झाली असं मला लिहिता आलं असतं, पण या आयुष्यात एका निवेदनात पुरेसं खोटं लिहून झालं आहे.

मी दारापर्यंत गेले तर समोरून बाबा आत आले. अर्ध्या दिवसाची रजा टाकून. एका हातात ऑफिसची बॅग, दुसऱ्यात डिंकाची बाटली, खिशात पट्टी.

"दोनशे प्रती एकटीने कधी लावणार?" ते म्हणाले. "मी म्हटलं आपण दोघं बसू."

त्यांनी सरांना नमस्कार केला, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, बाह्या वर केल्या आणि कॅटलॉगचा गठ्ठा पुढे ओढला. प्रत्येक चिठ्ठी पट्टीने मोजून समासापासून अर्ध्या इंचावर. सर माझ्याकडे बघत होते. मी पिशवीतला गठ्ठा काढला आणि बाबांच्या समोर बसले. दोन तास आम्ही डिंक लावत होतो. मधे काही लोक चित्रं बघायला आले, ते आम्हालाही बघून गेले. बनारसचा पिवळा आला, त्याने एक चिठ्ठी वाचली, हसला, आणि सुरई म्हणजे नक्की काय ते विचारलं. बाबांनी त्याला समजावून सांगितलं, मातीची असते, पाणी गार राहतं, आणि प्रवासात उकळलेलं पाणी न्यावं हेही सांगितलं, कारण त्याचे डोळे त्यांना बरे दिसत नव्हते.

काम संपल्यावर बाबा उठले आणि माझी सहा चित्रं पहिल्यांदा नीट बघितली. एकेकासमोर हात मागे बांधून, फाइल वाचावी तसे उभे राहिले. शेवटच्या चित्रापाशी, ज्यात समुद्र आमसुली आहे, ते बराच वेळ थांबले.

"त्या दिवशी ढग होते," ते म्हणाले. "हेही घालायला हवं होतं."

शुक्रवारी अधिकाऱ्याने 'पाहिले' लिहिलं. क्लेम मंजूर झाला. बाबा सप्टेंबरात कोऱ्या सर्व्हिस बुकासह निवृत्त झाले, हार आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन.

सोमवारी यादी लागली. किल्ली बनारसच्या पिवळ्याला मिळाली. सर मला जिन्यात भेटले आणि मफलर सारखा करत म्हणाले की काम चांगलं आहे, पुढच्या वर्षी एकटी कुठेतरी जाऊन ये, मग बघू. मी बरं म्हटलं.

आता मी मयूर विहारला राहते आणि अशाच निवडीसाठी मला बोलावतात. दरवर्षी तीस-चाळीस निवेदनं वाचते. सगळे एकटे निघालेले असतात. तिकीट कुणाकडेच नसतं. मी प्रत्येकाला विचारते की सामान कोणी उचललं, आणि त्यावरून मुलांमध्ये माझ्याबद्दल काय बोललं जातं तेही मला माहीत आहे.

पण ते पुढचं. त्या सोमवारी मी घरी आले तेव्हा टेबलावर पाण्याच्या तांब्याखाली बी.एड.चा फॉर्म ठेवलेला होता, पेन्सिलीने जिथे जिथे सही करायची तिथे फुल्या मारलेला. आईने साबुदाण्याची खिचडी केली होती, उपास नसताना. बाबांनी एकदाच विचारलं, "शेवटची तारीख पंधरा आहे, माहीत आहे ना?" मी म्हटलं, माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातच्या बसने चावडी बाजारात गेले. बरोबर डब्यात दशम्या, एका डबीत आमसुली शाई आणि पिशवीत तो शेवटचा पत्रा होता. पत्र्याला ओरखडा येऊ नये म्हणून गुंडाळायला जाड कागद हवा होता. घरात तेवढा जाड एकच होता, फुल्या मारलेला. चाचा शटर वर करत होते. त्यांनी विचारलं, अब क्या कटवाना है? मी सांगितलं, काही नाही, आणि आत जाऊन प्रेसवरचे गठ्ठे एकेक उचलून जिन्यात नेऊन ठेवले. सतरा होते. मग बाही वर केली आणि आईच्या पातळाचा उरलेला तुकडा रॉकेलमध्ये बुडवून रुळावरचा गंज पुसायला घेतला.